जुनेर : वापरलेल्या कपड्यांचा इतिहास आणि आजचा प्रश्न



आजचा विषय ठरवताना संयोजकांनी मला सांगितलं, की ही व्याख्यानं ऑनलाइन ऐकणाऱ्यांमध्ये तरुण मुलं-मुली बरीच आहेत आणि त्यांच्यातली काही जण हल्ली वापरलेले कपडे विकत घेतात. त्याला 'थ्रिफ्टिंग' म्हणतात. दर महिन्याला नवा स्वस्त टी-शर्ट घ्यायचा आणि चार वेळा घालून टाकून द्यायचा, त्यापेक्षा कुणीतरी वापरलेला पण धड असलेला कपडा घ्यावा, पृथ्वीवरचा भार तेवढाच हलका होईल, असा त्यामागचा विचार. विचार चांगला आहे. पण त्याबद्दल बोलताना असा सूर लागतो, की जणू ही कल्पना गेल्या दहा वर्षांत परदेशातून आपल्याकडे आली. म्हणून मी आज इतिहासाच्या अंगानं बोलणार आहे. मूळचा तत्त्वज्ञानाचा असल्यामुळे मधेमधे एखादा प्रश्न विचारीन, तेवढं सहन करा.

माझा मुद्दा आधीच सांगून टाकतो. जुना कपडा एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जाणं हे माणसाच्या इतिहासात कायम चालत आलेलं आहे. पण तो कोणत्या नात्यानं गेला? बक्षीस म्हणून, भीक म्हणून, सक्तीनं, अदलाबदलीत, की रोख पैसे मोजून? कापड तेच असतं. ते अंगावर चढवल्यावर माणूस ताठ उभा राहतो की मान खाली घालतो, हे त्या नात्यावर ठरतं. जुने कपडे घ्यावेत की नाही, या आजच्या प्रश्नाचं उत्तर या इतिहासाला वगळून देता येणार नाही, असं मला वाटतं.

कापड महाग होतं तेव्हा

मराठीत 'जुनेर' असा एक सुंदर शब्द आहे. वापरून मऊ पडलेलं, विरत आलेलं लुगडं किंवा धोतर म्हणजे जुनेर. आपल्या भाषेत जुन्या कापडाच्या पायऱ्यांना वेगवेगळी नावं आहेत. जुनेर, धडुतं, पटकूर, लक्तर, चिंधी. ज्या समाजात एखाद्या वस्तूच्या झिजण्याला इतकी नावं असतात, तो समाज त्या झिजण्याकडे बारकाईनं बघत असतो, हे उघड आहे.

नऊवारी लुगड्याचं आयुष्य बघा. लुगडं सगळीकडे सारखं विरत नाही. बसण्या-उठण्याच्या जागी, मधल्या भागात आधी विरतं आणि दोन्ही टोकं धड राहतात. मग बायका काय करायच्या? विरलेला भाग कापून काढायचा आणि दोन धड तुकडे एकमेकांना जोडायचे. याला 'दंड घालणं' म्हणतात. दंड घातलेलं लुगडं आणखी वर्ष-दोन वर्षं निघायचं. तेही विरलं की त्यातून बाळाची दुपटी आणि लंगोट व्हायचे, उरलेल्याची गोधडी किंवा वाकळ. गोधडी फाटली की तिच्या आतल्या चिंध्या हात पुसायला, चुलीवरचं भांडं उतरवायला, दिव्याच्या वातीला. आणि अगदी शेवटी पोतेरं. शेणामातीनं जमीन सारवायची ती त्या पोतेऱ्यानं. म्हणजे पैठणी नव्हे, साधं सुती लुगडंसुद्धा अंगावरून निघून जमिनीला लागेपर्यंत पंधरा-वीस वर्षं घरातच फिरत असे.

हा क्रम किती जुना आहे, ते पाहा. पाली विनयपिटकात, चुल्लवग्गात, एक प्रसंग येतो. कौशांबीच्या उदयन राजाच्या राण्यांनी आनंद भिक्खूंना पाचशे वस्त्रं दिली. राजा चिडला. संन्याशाला पाचशे वस्त्रं कशाला हवीत, हे काय कापडाचं दुकान काढणार आहेत का? त्यानं आनंदांना गाठून उलटतपासणीच घेतली. एवढ्या वस्त्रांचं काय करणार? ज्यांची चीवरं जीर्ण झाली आहेत त्यांना वाटणार. मग त्या जीर्ण चीवरांचं काय? त्यांची पांघरुणं करणार. जुन्या पांघरुणांचं? गादीच्या खोळी. जुन्या खोळींचं? जमिनीवरची अंथरुणं. त्यांचं? पायपुसणी. जुन्या पायपुसण्यांचं? धूळ झटकायची फडकी. आणि त्या फडक्यांचं? ती बारीक करून चिखलात मळायची आणि त्यानं जमीन लिंपायची. राजाचं समाधान झालं आणि त्यानं स्वतः आणखी पाचशे वस्त्रं दिली.

आपल्या आज्यांनी विनयपिटक वाचलं नव्हतं. पण लुगड्यापासून पोतेऱ्यापर्यंतचा क्रम तोच आहे. कारणही उघड आहे. हातानं सूत काढायच्या काळात एका विणकराच्या मागाला पुरेल इतकं सूत द्यायला चार-पाच चरखे तरी चालवावे लागत. कापडात माणसाचे दिवसच्या दिवस कोंबलेले असत. ते फेकायचं म्हणजे कुणाचे तरी दिवस फेकायचे.

युरोपातही वेगळं नव्हतं. अठराव्या शतकातल्या लंडनमध्ये मॉनमाउथ स्ट्रीट ही जुन्या कपड्यांची पेठ होती, आणि टॉवरजवळच्या रोजमेरी लेनला 'रॅग फेअर', म्हणजे चिंध्यांचा बाजारच भरे. कार्लाइलनं 'सार्टर रिसार्टस' नावाचं एक विचित्र पुस्तक लिहिलं. त्यातला जर्मन प्राध्यापक कपड्यांचं तत्त्वज्ञान मांडतो आणि जुन्या कपड्यांच्या बाजारात भक्तिभावानं उभा राहतो. तेव्हा तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक जुन्या कपड्यांवर बोलायला लागला, तर त्यात नवं काही नाही.

१८५१ च्या सुमारास हेन्री मेह्यू या पत्रकारानं लंडनच्या रस्त्यांवर पोट भरणाऱ्यांची वर्णनं लिहून ठेवली. त्यात चिनी मातीची भांडी डोक्यावर घेऊन दारोदार फिरणारे आणि भांड्यांच्या बदल्यात जुने कपडे घेणारे विक्रेते आहेत. हे वाचताना मला हसू आलं. ही तर आपली बोहारीण!

बोहारीण

तरुण श्रोत्यांपैकी काहींनी बोहारीण पाहिली नसेल. डोक्यावर टोपलीत स्टीलची भांडी, खांद्यावर कपड्यांचं गाठोडं. दुपारची वेळ साधून ती चाळीत, वाड्यात यायची. मग दारात घासाघीस.

"वहिनी, एवढ्यात पातेलं नाय परवडत. अजून एक साडी टाका."

"अगं, पँट टेरिकॉटची आहे. बघ तरी!"

"चेन गेलीय तिची. डबा घ्या, पातेलं नको मागू."

हा संवाद तासभर चालायचा. शेवटी वहिनींना डबाही मिळायचा आणि वर एक चमचा. दोघींनाही वाटायचं, की आपणच जिंकलो.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते असं, की इथे कुणी कुणावर उपकार करत नव्हतं. बोहारीण घासाघीस करू शकत होती, नाक मुरडू शकत होती, नको म्हणून उठून जाऊ शकत होती. भीक घेणाऱ्याला 'चेन गेलीय' असं म्हणता येत नाही.

मुंबईत या धंद्यात गुजरातमधून आलेल्या वाघरी समाजाच्या बायका मोठ्या संख्येनं आहेत. हा समाज आता स्वतःला देवीपूजक म्हणवतो. दिल्लीत याच समाजाचा पहाटेचा मोठा बाजार रघुबीरनगरला भरतो. लुसी नॉरिस या अभ्यासक बाईंनी त्यावर पुस्तक लिहिलं आहे. भांड्यांवर मिळालेला कपडा पुढे कुठे जातो? आधी निवड होते. धड असलेला कपडा धुऊन, टाके घालून, बटणं लावून, इस्त्री करून पदपथावर किंवा आठवड्याच्या बाजारात विकला जातो. खऱ्या जरीचा काठ असेल तर जर वितळवून चांदी काढली जाते. फाटका सुती कपडा कारखान्यांत यंत्रं पुसायला जातो. एके काळी कागद करणारेही चिंध्यांचे गिऱ्हाईक होते. लाकडाच्या लगद्याचा कागद येण्यापूर्वी युरोपातली पुस्तकं मुख्यतः चिंध्यांवरच छापली गेली.

आता इथे थांबून एक गोष्ट लक्षात घ्या. आपण मध्यमवर्गीय लोक बोहारणीला कपडे देत होतो. घेत कधीच नव्हतो. घरातल्या घरात थोरल्याचा शर्ट धाकट्याला चालायचा, मावसभावाची पँट चालायची. नवजात बाळाला तर मुद्दाम जुनेराचीच दुपटी करत, कारण ती मऊ असतात. पण अनोळखी माणसानं वापरलेला कपडा? छे! त्यात सोवळ्या-ओवळ्याच्या कल्पना होत्या, तो कुणाच्या अंगावरचा असेल ही शंका होती. साथीच्या रोगांची भीतीही होती. १८९६ साली मुंबईत आणि पुढच्या वर्षी पुण्यात प्लेग आला, तेव्हा रोग्यांचे कपडे आणि अंथरुणं जाळण्यात आली. त्या पिढीच्या मनात 'परक्याचा कपडा म्हणजे रोग' हे समीकरण पक्कं बसलं असेल, तर नवल नाही.

म्हणजे व्यवस्था एकेरी होती. कपडा वरून खाली जायचा, खालून वर कधी यायचा नाही. आणि वर-खाली म्हणजे काय, हे आपल्या देशात वेगळं सांगायला नको.

राजाचा पोशाख आणि मालकाचं जुनेर

या एकेरीपणाची दोन टोकं दाखवतो.

एक टोक दरबाराचं. मोगल दरबारात खिलत देत, म्हणजे मानाचा पोशाख. मराठी कागदपत्रांत शिरपाव, पोशाख हे शब्द येतात. त्या खिलतींमध्ये सर्वांत मोठ्या मानाची कोणती? बादशहानं स्वतः अंगावर घातलेली. तिला 'मलबूस-ए-खास' म्हणत. म्हणजे वापरलेला कपडा मिळणं हा तिथे सर्वोच्च सन्मान होता. देवाच्या अंगावरचं वस्त्र प्रसाद म्हणून घेताना आपल्यालाही आनंदच होतो.

दुसरं टोक मनुस्मृतीचं. तिच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी प्रेताच्या अंगावरची वस्त्रं वापरावीत असं सांगितलं आहे, आणि सेवा करणाऱ्या शूद्राला उरलेलं अन्न व जीर्ण वस्त्रं द्यावीत असंही. इथे जुनं कापड ही काटकसर नाही. ती खूण आहे. तुझी जागा कुठे आहे हे तुझ्या अंगावर दिसलं पाहिजे, अशी सक्तीची खूण.

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचं दहन झालं, हे आपल्याला माहीत असतं. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेब आंबेडकर स्त्रियांसमोर स्वतंत्रपणे बोलले, याची आठवण कमी काढली जाते. लुगडं नेसण्याच्या पद्धतीवरून जात ओळखता येत असे. ती पद्धत सोडा, पांढरपेशा स्त्रिया नेसतात तसं नेसा, वस्त्र फाटकं असलं तरी स्वच्छ असू द्या, असं त्यांनी सांगितलं. आणि बायकांनी नेसण बदललं. घटनाकार होण्याच्या कितीतरी आधी या माणसानं ओळखलं होतं, की माणसाचं माणूसपण कपड्यातही अडवलेलं असतं. पुढे बाबासाहेबांचा सूट-कोट लाखो लोकांना आपला वाटला, त्याचं मूळ इथे आहे.

त्याच काळातली दुसरी व्यक्ती गाडगेबाबा. जन्म १८७६ चा, समाज परीट, म्हणजे इतरांचे कपडे धुणारा. बाबा अंगात चिंध्यांचा अंगरखा घालत, म्हणून लोक त्यांना गोधडेबुवा, चिंधेबुवा म्हणत. पण ते चिंध्या घालत होते ते स्वतःच्या मर्जीनं. कीर्तनात ते सांगत, की बायकोला लुगडं कमी किमतीचं घ्या, पण पोराला शाळेत घाला.

आता तत्त्वज्ञानाचा प्रश्न. बाबासाहेबांनी चांगलं, स्वच्छ वस्त्र ल्यायला सांगितलं आणि गाडगेबाबांनी चिंध्या पांघरल्या. यात विरोध आहे का? मला नाही वाटत. लादलेली चिंधी झुगारणं आणि स्वतः निवडलेली चिंधी वापरणं, दोन्ही ठिकाणी माणूस आपल्या अंगावर काय असावं ते स्वतः ठरवतो आहे.

एकदा वर्गात हे बोलत असताना एका विद्यार्थिनीनं मला सुनावलं होतं. "सर, जुने कपडे घालणं ही तुमच्यासाठी फॅशन आहे. माझ्या आजीनं मालकिणीचं जुनं लुगडं घेतलं नसतं, तर तिला कामावरून काढलं असतं." नाकारण्याचीही मुभा नाही, असं ते देणं होतं. या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. पर्यावरणाच्या नावानं 'जुने कपडे वापरा' असं सरसकट सांगणाऱ्यानं हे वाक्य समोर ठेवूनच बोलावं.

जाळावं की द्यावं?

या प्रश्नावर आपल्या देशात एकदा जाहीर वाद झाला आहे. ऑक्टोबर १९०५ मध्ये पुण्यात परदेशी कपड्यांची होळी झाली. तरुण सावरकरांचा त्यात पुढाकार होता आणि टिळकही हजर होते. पुढे ३१ जुलै १९२१ रोजी मुंबईत परळला गांधीजींनी विदेशी कापडाची प्रचंड होळी केली. रवींद्रनाथ ठाकुरांना ते पटलं नाही. गांधीजींचे मित्र चार्ल्स अँड्र्यूज यांनाही पटलं नाही. देशात उघडी-नागडी माणसं असताना कापड जाळायचं? गरिबांना का देत नाही?

गांधीजींचं उत्तर लक्षात ठेवण्यासारखं आहे. आपल्याला जे घालायची लाज वाटते, ते गरिबाला कसं द्यायचं? गरिबालाही देशाभिमान आहे, त्यालाही स्वाभिमान आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. होळीबद्दल तुमचं मत काहीही असो. मला स्वतःला ठाकुरांचं म्हणणं बरंचसं पटतं. पण गांधीजींनी नेमक्या जागी बोट ठेवलं. मला नको म्हणून तुला, या देण्यात घेणाऱ्याचा अपमान दडलेला असू शकतो. दानाचा अभ्यास करणारे फ्रेंच विचारवंत मार्सेल मोस यांनीही १९२५ मध्ये हेच सांगितलं, की परतफेड करता न येणारं दान घेणाऱ्याला जखम करतं.

कापड स्वस्त झालं

मग बदललं काय? कापड स्वस्त झालं. यंत्रानं सूत निघू लागलं, गिरण्या आल्या, नंतर यंत्रमाग आणि पॉलिएस्टर. मुंबईच्या गिरण्या १९८२ च्या संपानंतर सावरल्या नाहीत. भिवंडी, इचलकरंजी, मालेगावचे माग खडखडत राहिले. गरिबाच्या अंगावर धड कापड आलं, ही चांगलीच गोष्ट झाली. ज्यांनी दंड घातलेली लुगडी नेसली, त्यांना जाऊन 'तुमचा काळ किती पर्यावरणस्नेही होता' असं सांगू नका. त्या तुम्हाला पोतेऱ्यानं झोडपतील.

पण पॉलिएस्टरबरोबर जुनेराची साखळी तुटली. पॉलिएस्टरची साडी विरत नाही आणि मऊ पडत नाही. पाणी शोषत नाही, म्हणून तिचं पुसणंही होत नाही. बाळाला ती टोचते. फाटते तेव्हा एकदम फाटते आणि मातीत टाकली तर कुजत नाही. आनंद भिक्खूंना राजानं आज तोच प्रश्न विचारला असता, तर पहिल्या-दुसऱ्या पायरीलाच ते अडकले असते.

गेल्या पंचवीस वर्षांत तर वेग फारच वाढला. एलन मॅकआर्थर फाउंडेशनच्या २०१७ च्या अहवालानुसार २००० ते २०१५ या काळात जगातलं कपड्यांचं उत्पादन जवळजवळ दुप्पट झालं, आणि एक कपडा टाकून देण्यापूर्वी किती वेळा घातला जातो, ते प्रमाण ३६ टक्क्यांनी घटलं. जुन्या कपड्यांच्या धाग्यापासून पुन्हा नवा कपडा होण्याचं प्रमाण एक टक्क्याहूनही कमी. एका सुती टी-शर्टमागे सुमारे २,७०० लिटर पाणी लागतं असा एक अंदाज नेहमी दिला जातो. आणि या स्वस्ताईचा हिशेब माणसांतही द्यावा लागतो. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ साभारला राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि ११०० हून अधिक माणसं मेली. त्यांतले बहुतेक जण कपडे शिवणारे कामगार होते, बायका जास्त.

मग हे टाकून दिलेले कपडे जातात कुठे? बरेचसे आपल्याकडेच येतात. श्रीमंत देशांतले जुने कपडे गठ्ठ्यांनी कांडला बंदरात उतरतात. तिथल्या विशेष आर्थिक क्षेत्रात बायका ते निवडतात. लोकरीच्या चिंध्या हरियाणातल्या पानिपतला जातात. बटणं, चेन काढायच्या, रंगांप्रमाणे ढीग लावायचे, कापड पिंजून पुन्हा सूत काढायचं आणि त्याची ब्लँकेटं विणायची. भूकंप-पुरानंतर वाटली जाणारी स्वस्त ब्लँकेटं पुष्कळदा अशीच तयार होतात. ही युक्ती १८१३ मध्ये यॉर्कशायरच्या बॅटली गावात बेंजामिन लॉ यानं काढली. त्या कापडाला 'शॉडी' म्हणत. पुढे इंग्रजीत शॉडी म्हणजे निकृष्ट, असाच अर्थ रूढ झाला. चिंधीबद्दलचा तिरस्कार तिकडेही होता म्हणायचा.

या कामावर मेघना गुप्ता यांनी २०१२ मध्ये 'अनरॅव्हल' नावाचा छोटा माहितीपट केला. त्यातल्या कामगार बायकांना प्रश्न पडतो, की हे परदेशी लोक जवळजवळ नवे कपडे का टाकतात? त्यांचा तर्क असा, की तिकडे पाणी फार महाग असावं, धुण्यापेक्षा टाकणं परवडत असावं. अर्थशास्त्राच्या दृष्टीनं हा तर्क चुकीचा आहे. पण कुणी धड कपडा उगाच कसा टाकेल, हे त्यांना समजत नाही, आणि ते न समजणंच शहाणपणाचं आहे.

आफ्रिकेतही तेच. घानामध्ये या कपड्यांना 'ओब्रोनी वावू' म्हणतात, म्हणजे मेलेल्या गोऱ्या माणसाचे कपडे. जिवंत माणूस इतके चांगले कपडे टाकणार नाही, असं पहिल्यांदा लोकांना वाटलं. अक्रा शहरातल्या कंटामांटो बाजारावर हजारो कुटुंबं जगतात. तिथले लोक उसवून, रंगवून, शिवून या कपड्यांना नवं रूप देतात. पण गठ्ठ्यात वाईट माल निघाला की तो गटारात आणि समुद्रकिनाऱ्यावर जातो. २०१६ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या देशांनी ही आयात हळूहळू बंद करायचं ठरवलं. अमेरिकेनं व्यापारी सवलती काढण्याचा इशारा दिला. रवांडा ठाम राहिला, तर २०१८ मध्ये त्याच्या तयार कपड्यांची करमाफी स्थगित झाली. म्हणजे इथेही 'नको' म्हणण्याची मुभा नाही! माझ्या विद्यार्थिनीच्या आजीची गोष्ट आणि रवांडाची गोष्ट मला एकाच जातीची वाटते.

मग करायचं काय?

जुने कपडे विकत घ्यावेत का? माझं उत्तर 'हो' आहे, आणि त्याची दोन कारणं आहेत.

पहिलं तुम्हाला माहीतच आहे. जो कपडा तयार होऊन पडला आहे, तो आणखी तीन वर्षं वापरला तर तेवढा काळ नवा करावा लागत नाही. पण इथे एक अट आहे, आणि ती पाळली नाही तर सगळं मुसळ केरात. त्या जुन्या कपड्यानं एका नव्या कपड्याची खरेदी खरोखर टळली पाहिजे. स्वस्त मिळतो म्हणून जुने दहा घेतले, शिवाय नवे पाच घेतलेच, आणि कपाटात जागा करायला आठ कुठल्यातरी संस्थेला 'दान' केले, तर पृथ्वीचं ओझं तसूभरही कमी झालं नाही. फक्त आपल्या मनाचं ओझं कमी झालं. तेव्हा घेण्यापूर्वी स्वतःला विचारा, की हा मिळाला नसता तर मी नवा घेतला असता का? उत्तर 'नाही' असेल, तर हा नुसता हव्यास आहे.

दुसरं कारण मला जास्त मोलाचं वाटतं. विकत घेण्यानं तो जुना एकेरीपणा मोडतो. इतकी शतकं आपण वरून खाली देत आलो. आता एखादी सुस्थितीतली मुलगी अनोळखी बाईनं वापरलेला कुडता पैसे मोजून घेते आणि तो आनंदानं घालते, तेव्हा 'परक्याचा कपडा म्हणजे हलकेपणा' ही समजूत थोडी झिजते. 'गूंज' या संस्थेनं दुसऱ्या बाजूनं हेच केलं. अंशु गुप्ता यांनी १९९९ मध्ये ती सुरू केली, २०१५ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गावकरी विहीर खणतात, बांध घालतात, रस्ता दुरुस्त करतात आणि त्या श्रमाचा मोबदला म्हणून त्यांना शहरातले कपडे मिळतात. कपडा तोच, पण तो कमावलेला. आपल्या बोहारणीच्या दारातल्या व्यवहारातही हीच प्रतिष्ठा होती.

म्हणून माझी एक विनंती आहे. मोबाइलवरच्या दुकानांतून जुने कपडे जरूर घ्या, पण ज्या बायका हा धंदा पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या, त्यांना विसरू नका. कपडा कुठला, किती दिवस टिकेल, कुठे टाका घातला की चालेल, हे त्यांच्याइतकं कुणालाच कळत नाही. आज गृहसंकुलांच्या फाटकावर 'फेरीवाल्यांना प्रवेश नाही' अशी पाटी असते. बोहारणीला दारात अडवायचं आणि आत बसून शाश्वत जीवनशैलीवर चर्चा करायची, हे बरोबर दिसत नाही.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न : सर, वाढदिवसाला, सणाला जुने कपडे घ्यावेत असं तुम्ही म्हणाल का?*

नाही, असं मी कुणालाच सांगणार नाही. दिवाळीला पोराला नवा सदरा घ्यावा म्हणून वर्षभर पैसे साठवणारे आईबाप मी पाहिले आहेत. वर्षातून एक नवा कपडा घेणाऱ्या माणसामुळे पृथ्वी बुडत नाही. माझं सगळं बोलणं ज्यांच्या कपाटाचं दार लागत नाही, त्यांच्यासाठी आहे.

*प्रश्न : घरातल्या मोलकरणीला आम्ही जुने कपडे देतो. ते बंद करावं का?*

बंद करू नका, पण पद्धत बदला. आधी विचारा, "मावशी, हे तुम्हाला हवंय का?" आणि त्या 'नको' म्हणाल्या तर मनात राग धरू नका. कपडा धुऊन, इस्त्री करून द्या. फाटका असेल तर तो आपल्याच घरी पुसायला ठेवा. आणि मुख्य म्हणजे, तो पगारात किंवा दिवाळीच्या बोनसात धरू नका. पगार पगाराच्या जागी राहू द्या.

एवढं बोलून थांबतो. नमस्कार.